संध्याकाळी साडेसहानंतर हात चावणं, ताट भिरकावणं: स्वमग्न मुलाचं वागणं कसं वाचायचं?

अबोली_के | २० जून, २१:४०

नमस्कार मंडळी. मी विशेष शिक्षिका आहे. एका कुटुंबाच्या संमतीने, ओळखीच्या खुणा गाळून हा प्रश्न मांडते आहे.

मुलगा ७ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). बोलतो ते सुटे शब्द, वीसेक असतील. संध्याकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान उजव्या हाताची पाठ चावतो. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलाय. समोर वही असो की ताट, भिरकावतो. कोणी हात धरायला गेलं तर त्यालाही चावतो. आईबाबांना वाटतं कुकरच्या शिट्टीमुळे होतं, आजोबांना वाटतं लाडामुळे. रागावून झालं, खोलीत एकटं बसवून झालं, मोबाईल हातात देऊन झालं. तिन्हीने वाढलंच.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

रानजाई | २० जून, २२:१५

नोंदीपासून. दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. वहीत तीन रकाने: आधी, वागणं, नंतर. 'आधी'मध्ये त्या क्षणाच्या अगोदरच्या दोन-तीन मिनिटांत काय झालं ते, 'नंतर'मध्ये चावल्यावर घरातल्यांनी काय केलं ते. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. 'चिडला', 'मुद्दाम केलं', 'नाटक केलं' हे शब्द वहीत नकोत. 'बाबांनी मोबाईल काढून घेतला, वही समोर ठेवली, "लिही" म्हणाले' असं लिहा.

सगळ्यात जास्त माहिती 'नंतर'च्या रकान्यात असते आणि नेमका तोच कोरा राहतो.

मध्यमपदलोपी | २० जून, २२:४८

तीन रकाने छान, पण संध्याकाळी कणीक भिजवता भिजवता हे कोण लिहिणार? कालनिर्णयचं जुनं पान उलटं करा. उभ्या ओळीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, आडवे दिवस. चावलं की त्या चौकोनात फुली, नाही तर कोरा. पान फ्रिजवर, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. चौदा दिवसांनी फुल्यांचा पुंजका कुठे पडलाय ते लांबूनही दिसतं. मग फक्त त्या तासाभरासाठी रानजाईंचे तीन रकाने भरा.

दवबिंदू | २१ जून, ०८:०५

नोंद सुरू करायच्या आधी शरीर तपासून घ्या. जी मुलं 'दुखतंय' सांगू शकत नाहीत, त्यांचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. या वयात प्रामुख्याने चार गोष्टी बघाव्या लागतात.

बद्धकोष्ठ: रोज शी होते एवढ्यावर समाधान मानू नका. कडक गोळ्या आहेत का, जोर करावा लागतो का, चड्डीला सारखे डाग असतात का ते विचारा. मागे खडा अडकलेला असला की पातळ मल बाजूने गळतो आणि घरच्यांना तो जुलाब वाटतो.

दात: सहा-सात वर्षांत पहिल्या कायमच्या दाढा येतात. हिरड्या ठणकतात आणि काहीतरी करकचून चावावंसं वाटतं. कीडही बघून घ्या.

कान: डोकं आपटणं किंवा कानावर मारणं अचानक सुरू झालं असेल तर आधी कान.

झोप: रात्री किती वाजता झोपतो आणि मध्ये किती वेळा उठतो, ते आठवडाभर लिहा.

दुखणं साधारणपणे घड्याळ बघून येत नाही. रोज त्याच तासाला होत असेल तर त्या तासात काय घडतं ते शोधायला हवं, पण दुखणं वगळल्याशिवाय नव्हे.

पिंपळपान | २१ जून, ०९:३०

अबोलीताई, त्या वीस शब्दांत 'नको' आहे का?

अबोली_के | २१ जून, १३:१०

@पिंपळपान, आत्ता आईला विचारून यादी घेतली. पाणी, मोबाईल, बिस्कीट, गाडी, आई, आज्जी, पोपट... सगळी वस्तूंची नि माणसांची नावं. 'नको' नाही. 'थांब' नाही. 'अजून' नाही.

पिंपळपान | २१ जून, १३:४४

मग हात चावणं हाच त्याचा 'नको' असू शकतो. वस्तू मागायला शब्द आहेत, नकार द्यायला एकही नाही. वागणं कशासाठी आहे हे शोधताना ढोबळ चार कारणं धरतात: काहीतरी टाळायचंय, काहीतरी हवंय, कोणाचं तरी लक्ष हवंय, किंवा त्या कृतीतूनच शरीराला काहीतरी मिळतंय. एकच वागणं दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या कारणांसाठीही असतं. शाळेत चावतो ते टाळायला, घरी चावतो ते मोबाईलसाठी, असंही होतं.

कार आणि ड्युरँड या संशोधकांचं १९८५ सालचं काम याच प्रश्नावरचं आहे. काही मुलं काम अवघड झालं की बिथरत, काही मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. मुलांना दोन वाक्यं शिकवली. एक मदत मागण्याचं, 'मला समजत नाही'. दुसरं कौतुक मागण्याचं, 'मी नीट करतोय ना?' कारणाशी जुळणारं वाक्य दिलं तेव्हाच त्रास घटला. न जुळणारं वाक्य मूल बोलायला शिकलं तरी वागणं तसंच राहिलं. म्हणून आधी कारण, मग शब्द.

खडीसाखर | २१ जून, १५:२०

सरळ दुर्लक्ष करायचं. आपण प्रतिक्रिया दिली की मुलं ते धरून बसतात. सगळीकडे हाच सल्ला मिळतो.

रानजाई | २१ जून, १६:०२

खडीसाखर, तो सल्ला चारपैकी एकाच कारणाला लागू पडतो. लक्ष हवं म्हणून होत असेल तर. टाळण्यासाठी चावणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं आणि वही तशीच बाजूला पडून राहिली, तर त्याला हवं तेच मिळालं. शरीराच्या गरजेपोटी चावणाऱ्याला तुमचं लक्ष आहे की नाही याने काही फरकच पडत नाही.

आणि दुर्लक्षाने वागणं कमी होण्याआधी काही दिवस उसळी मारतं. आधी हात चावायचा तो आता भिंतीवर डोकं आपटेल. त्या टप्प्यावर घरचे घाबरून हवं ते देऊन टाकतात आणि मूल शिकतं की डोकं आपटलं की मिळतं. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत नुसतं दुर्लक्ष हा उपाय मी कोणालाच सांगणार नाही.

एकटं खोलीत बसवण्याचंही तेच. अभ्यास टाळायला चावला, शिक्षा म्हणून खोलीत पाठवलं, अभ्यास टळला. ती शिक्षा त्याच्या दृष्टीने बक्षीस आहे. अबोलीताईंनी 'वाढलंच' लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच.

गोरखचिंच | २१ जून, १८:३५

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. सगळं वाचून वाटतं की घराची सूत्रं सात वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायची. 'नको' म्हणायला शिकवा म्हणजे तो रोजच 'नको' म्हणणार. शिस्तीचं काय? आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा.

पिंपळपान | २१ जून, १९:१२

काका, प्रश्न रास्त आहे. बहुतेक आजी-आजोबांच्या मनात तो असतो, त्यामुळे इथे आला ते बरं झालं.

'नको' तो आजही म्हणतोच आहे, दातांनी. आणि ते मानलंही जातंय, कारण चावल्यावर वही बाजूला होतेच. फक्त त्याला रक्त येईपर्यंत वाट बघावी लागते. आपण त्याच नकाराला स्वस्त रस्ता देतो: चावण्याऐवजी पुढे करायचं 'सुट्टी'चं कार्ड. रस्ता पक्का झाला की मग 'पाच मोज, मग सुट्टी', 'आधी दोन ओळी, मग सुट्टी' असं वाढवत नेता येतं. शिस्त तिथे येते. पहिल्या दिवशी आणली तर कार्डावरचा विश्वास उडतो आणि तो परत दातांकडे वळतो.

धपाट्याबद्दल एवढंच, की त्याने वागणं क्षणभर थांबतं म्हणून मोठ्यांना तो लागू पडल्यासारखा वाटतो. पण 'नको' कसं म्हणायचं ते धपाटा शिकवत नाही.

निळाशार | २१ जून, २०:५०

स्वमग्न प्रौढांच्या बाजूने एक मुद्दा. थांबवायचं काय आणि तसंच राहू द्यायचं काय, हे आधी ठरवा. हात फडफडवणं, डोलणं, एकच शब्द घोळवणं, उड्या मारणं यात कोणाला इजा नाही. त्यातून मूल स्वतःला सावरत असतं. 'हात खाली ठेव', 'माझ्याकडे बघ' करत तेच काढून घेतलं, तर सावरायचं साधन जातं आणि उरतं ते चावणं. काही ठिकाणी थेरपीच्या नावाखाली आज्ञापालनाचे तासन्‌तास होतात, मूल वरून शांत दिसतं आणि घरी आल्यावर कोसळतं. मला त्याचा तीव्र विरोध आहे.

हट्ट आणि कोसळणं यातला फरकही घरच्यांना सांगा. हट्ट करणारं मूल अधूनमधून बघतं, कोणी पाहतंय का. वस्तू मिळाली की थांबतं. स्वतःला लागणार नाही याची काळजी घेतं. कोसळलेल्या मुलाला वस्तू दिली तरी थांबता येत नाही. त्या वेळी शिकवण, अटी, प्रश्न, सगळं बंद ठेवायचं.

रानजाई | २१ जून, २१:१५

निळाशार यांना पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर: नोंद ठेवणं, कारण शोधणं, शब्द देणं ही साधनं त्या थेरपीमागच्या वर्तनशास्त्रातूनच आली आहेत. साधन वाईट नाही. ते कोणाच्या सोयीसाठी वापरलं हे तपासायचं.

निळाशार | २१ जून, २१:३२

मान्य. उद्दिष्ट लिहिताना 'शांत बसेल' असं न लिहिता 'सुट्टी मागेल' असं लिहिलं, तरी अर्धं काम होतं.

नांगरणी | २२ जून, ०७:५०

सगळे 'का'वर बोलताय. दात हातात रुतलेले असताना करायचं काय?

सदाफुली | २२ जून, ११:२०

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने लिहिते.

तुम्हाला चावला तर हात मागे ओढू नका. ओढल्याने कातडी फाटते. हात हलकेच त्याच्या तोंडाच्या दिशेने दाबा, जबडा सैल पडतो, मग काढा. नाक दाबू नका. केस धरले तर त्याची मूठ स्वतःच्या डोक्यावर तळव्याने दाबून धरा, म्हणजे मुळं ओढली जात नाहीत, आणि मूठ सैल होईपर्यंत थांबा. डोकं आपटत असेल तर डोकं न धरता भिंत आणि डोकं यांमध्ये उशी सरकवा. पालथं पाडून दाबून धरणं, अंगावर बसणं कधीही नाही. श्वास कोंडून जीव जाऊ शकतो.

बोलणं दोन-तीन शब्दांत: 'मी इथे आहे', बस्स. समोर छाती काढून उभं न राहता थोडं तिरकं, हातभर लांब. एकच मोठं माणूस जवळ, बाकीचे दुसऱ्या खोलीत. टीव्ही आणि ट्यूबलाइट बंद. शांत झाल्यावर पाणी द्या आणि पुढचा अर्धा तास काही मागू नका. वरून शांत दिसला तरी आत अजून धडधडत असतं आणि लगेच वही काढली तर दुसरी लाट येते.

स्वतःचा हात चावण्यासाठी पर्याय: सिलिकॉनची चघळायची नळी किंवा गळ्यात घालायचं तसंच पदक. पण ते चावल्यानंतर हातात दिलं तर चुकीचा धडा. साडेसहाच्या आधी, सहा वाजताच द्या. सोबत जोर लागणारी कामं: अर्धी बादली पाणी उचलून नेणं, कणीक मळणं, गादी ढकलत नेणं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. खायला कडक काहीतरी, भाकरीचा पापुद्रा, खाकरा, गाजर. पाठीवर हलकी थोपटी काही मुलांना टोचते. घट्ट, सावकाश दाब बहुतेकांना चालतो, पण त्यालाच विचारा: हात पुढे करा, तो टेकतो का बघा.

वजनदार पांघरुणावर पैसे घालण्याआधी एक लक्षात घ्या. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत त्याने स्वमग्न मुलांची झोप वाढली नाही. मुलांना आवडलं मात्र. आवडत असेल तर वापरा, झोपेचं औषध म्हणून नको.

खडीसाखर | २२ जून, १२:०५

कुकरचं काय मग? आवाजाने होत असेल तर?

सदाफुली | २२ जून, १२:४०

तपासायला सोपं आहे. दोन दिवस सकाळी अकराला, अभ्यास नसताना कुकर लावा. शिट्टीला कान झाकतो का, पळतो का, चावतो का बघा. आवाजाचा त्रास असेल तर कुकर लावण्याआधी चित्र दाखवून सांगायचं, कानावर बंद कप (आवाज अडवणारे, हेडफोनसारखे), दार लोटून घ्यायचं. कप दिवसभर घालू नका. सतत घातले तर साधे आवाजही बोचायला लागतात.

अरुणोदय | २२ जून, १७:२५

थोडं अवांतर. आमच्या भागात स्टेम सेल (मूलपेशी) उपचारांची जाहिरात जोरात आहे, 'चिडचिड कमी होते' म्हणतात. आणि औषधांबद्दल कोणीच बोललेलं नाही.

दवबिंदू | २२ जून, २२:१०

स्टेम सेल: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार म्हणून देता येत नाही, फक्त मान्यताप्राप्त चाचणीत. चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचं बिल सांगत असतील तर तिथून उठा.

औषधं: स्वमग्नतेसाठी नाहीत, तीव्र चिडचिडीसाठी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये ५ ते १६ वयासाठी आणि ॲरिपिप्रॅझोलला २००९ मध्ये ६ ते १७ वयासाठी मान्यता दिली. दोन्हींनी भूक आणि वजन वाढतं, रिस्पेरिडोनने जास्त. सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी मोजायची, मग ठरलेल्या अंतराने पुन्हा. मुलाला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होत असेल, झोप-जेवण मोडलं असेल आणि कारण शोधून केलेले बदल पुरत नसतील, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा, उशीर करू नका. अचानक मनाने बंदही करू नका.

खाजगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात. दिव्यांगांसाठीच्या सरकारी 'निरामय' विम्यात एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो.

नांगरणी | २३ जून, ०८:१५

काही शाळा मूल चावलं की रोज अकराला फोन करून घेऊन जायला सांगतात, तेही त्या खोलीत बसवण्यासारखंच झालं की!

मध्यमपदलोपी | २३ जून, ०९:००

अगदी तसंच. अकराला गणिताचा तास असेल तर मूल आठवड्यात हिशोब शिकतं: चावलं की घरी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या १६ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता सामावून घेणं आणि वाजवी सोयी देणं बंधनकारक आहे. पण भांडणाच्या आधी कालनिर्णयचं पान घेऊन जा. 'दहापैकी आठ वेळा पावणेअकरा ते अकरा' असा कागद समोर ठेवला की बाईही विचारात पडतात.

अबोली_के | ५ जुलै, २१:५५

उशिराबद्दल क्षमस्व. चौदा दिवसांची नोंद पूर्ण झाली.

कान, दात ठीक. बद्धकोष्ठ निघालं, औषध सुरू आहे.

कुकर चौदाही दिवस लागला. चावणं ९ दिवस. अभ्यास नव्हता असे ३ दिवस (दोन रविवार, एक पाहुण्यांचा), त्या तिन्ही दिवशी शिट्ट्या झाल्या आणि चावणं शून्य. म्हणजे कुकर सुटला. अभ्यासाच्या ११ दिवसांपैकी ९ दिवस चावलं. त्या ९ पैकी ७ दिवस डबा अर्ध्याहून जास्त परत आला होता. न चावलेल्या दोन्ही दिवशी डबा रिकामा होता आणि संध्याकाळी पावसाने उघडीप दिल्यामुळे बागेत जाणं झालं होतं.

'आधी'च्या रकान्यात ९ पैकी ८ वेळा तेच वाक्य: 'बस झालं आता', आणि मोबाईल हातातून काढून घेणं. 'नंतर'च्या रकान्यात ६ वेळा मोबाईल परत, ३ वेळा वही बाजूला.

पिंपळपान | ५ जुलै, २२:३०

फार सुरेख नोंद. म्हणजे दोन कारणं एकत्र आहेत, मोबाईल जातो आणि वही येते, आणि भुकेने नि पोट साफ नसल्याने आधीच काठावर असतो. मी असं करेन.

साडेपाचला पोटभर खाणं: थालीपीठ, उपमा, जे तो खातो ते. सहाला सदाफुलींची जोराची कामं, पाऊस असेल तर घरातच. मोबाईल संपण्याआधी पाच मिनिटं वाळूचं घड्याळ समोर. 'आधी–मग' पट्टी: डावीकडे वहीचं चित्र, उजवीकडे मोबाईलचं. मोबाईल कोणी ओढून घ्यायचा नाही. एका टोपलीत त्यानेच ठेवायचा, टोपली डोळ्यांसमोर राहू द्यायची. 'बस झालं आता' हे वाक्य महिनाभर घरातून हद्दपार.

मग सुट्टीचं कार्ड. पत्त्याएवढा जाड कागद, तळव्याचं चित्र, खाली 'सुट्टी'. पहिले तीन दिवस दोन मोठी माणसं लागतील. एक समोर वही घेऊन, दुसरं मागे न बोलता. तो वही ढकलायला लागला, चेहरा आवळला, हात तोंडाकडे निघाला, की चावण्याच्या आधीच मागच्याने त्याचा हात कार्डाकडे न्यायचा. हिसका दिला तर लगेच सोडायचा. कार्ड समोरच्याच्या हातात पडलं की समोरचा म्हणणार 'सुट्टी!', वही बंद, दोन मिनिटं मोकळीक. चावून झाल्यावर कार्ड पुढे करू नका, नाहीतर तो चावणं आणि कार्ड अशी जोडी शिकेल.

सुरुवातीचा अभ्यास ३ मिनिटं आणि तोही येत असलेला. मोबाईलवर चित्रं दाबून बोलायचं असेल तर आयआयटी मुंबईचं 'जेलो' मोफत आहे, मराठीही आहे. पण या मुलाच्या बाबतीत कागदच बरा. सुट्टी मागायचं साधन मोबाईलमध्ये असेल तर मोबाईल टोपलीत ठेवायचा कसा?

गोरखचिंच | ६ जुलै, ०७:३०

नोंद वाचली. मोबाईल परत देणारे सहा वेळा कोण होते, ते घरातल्या सगळ्यांनी बसून बोललं पाहिजे. एकाने कार्ड मानायचं आणि दुसऱ्याने हिसकावायचं असं चालणार नाही.

रानजाई | ६ जुलै, ०८:१०

काका, लाखमोलाचं बोललात. आजोबांनाच मागे बसायचं काम द्या. शांत हात हवेत त्या जागी.

अबोली_के | ६ जुलै, १३:२५

आजोबा तयार आहेत. एक शंका: दहा मिनिटांत दहा वेळा कार्ड दिलं तर दहाही वेळा सुट्टी?

पिंपळपान | ६ जुलै, १३:५०

पहिला आठवडा हो, दहाही वेळा, ताबडतोब. सलग तीन दिवस न चावता स्वतःहून कार्ड दिलं की 'हो, सुट्टी' म्हणून पाच सेकंद थांबवा, मग सुट्टी. मग दहा सेकंद, मग एक अक्षर काढून सुट्टी, मग एक ओळ. एखाद्या पायरीवर चावणं परत आलं तर एक पायरी खाली या, कार्ड मात्र काढून घेऊ नका. आणि तीन प्रती करा, एक वहीला, एक डब्याच्या पिशवीला, एक शाळेत बाईंकडे. हरवलेल्या दिवशी दातच उरतात.